परक्या पीचवर दोन दिवस

टेस्ट क्रिकेटवर यापुढे राज्य कोण करणार, यावर बेलापूरच्या मैदानालगतच्या चहाच्या टपरीवर रोज संध्याकाळी वाद चाले. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. वेस्ट इंडिजचा दरारा ओसरत चालला होता आणि ज्याला त्याला नवा राजा गादीवर बसवायची घाई झाली होती. कुणी ऑस्ट्रेलिया म्हणे, कुणी पाकिस्तानच्या बोलिंगचं कौतुक करी. बेलापूर टीमचा कॅप्टन मात्र छातीठोक सांगे, "इंडिया! आपल्या पीचवर आपल्याला हरवणार कोण?" हा बागायतदाराचा मुलगा, कॉलेजात जाणारा, आणि वाद घालायला एकदम पक्का.

मी पाथर्डीकडून ऊस तोडायला आलेला माणूस. तिथं मी चहा पिऊन गुमान निघावं अशी सगळ्यांची अपेक्षा असायची. पण तोंड बंद ठेवणं मला जन्मात जमलेलं नाही. मी म्हणालो, "आपल्या पीचवर कुनीबी राजा आसतो. दुसऱ्याच्या पीचवर जो हरत न्हाई, त्यो राज्य करनार."

"हे तुम्ही सांगताय? तुमची टोळी तर दरवर्षी इथं येऊन हरते," कॅप्टन म्हणाला. टपरीवालाही हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण बोलणं खरं होतं.

आमच्या गावचं पीच मुरमाचं. चेंडूचा टप्पा पडला की तो छातीवर यायचा. माझा चुलतभाऊ फास्ट बोलर, तो पळत यायला लागला की समोरचा आधी दोन पावलं मागं सरके. पावसाळाभर आजूबाजूच्या गावांची आम्ही दाणादाण उडवायचो. पण दिवाळी झाली की सगळी टीम कोयते, भांडीकुंडी, बैल आणि बायकापोरं घेऊन ट्रकात बसायची आणि कारखान्याकडं निघायची. मोठ्या टीमा इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जातात, तसा आमचा परदेश दौरा म्हणजे बेलापूर. इथली माती काळी, मैदान कॅनॉलच्या कडेला. भावाचा जो चेंडू गावात हनुवटीखालून जाई, तो इथं गुडघ्यापर्यंत येऊन जीव सोडे. आणि यांचे फिरकीवाले पीचच्या भेगा हुडकून टप्पा टाकत. एक चेंडू हातभर वळे, तर दुसरा जमिनीलगत सरपटत येई. अशा पीचवर हाणायला गेलं की आम्ही धडाधड आउट व्हायचो.

त्या संध्याकाळी मी तिथंच सांगून टाकलं, "ओव्हरांची मॅच न्हाई. दोन दिवसांची घ्या. दोन-दोन डाव. टेस्ट."

कारखान्याची साफसफाई जवळ आली होती, त्यामुळे दोन दिवस तोड बंद राहणार होती. कॅप्टन म्हणाला, "दोन दिवस हरायची तयारी असेल तर या." मुकादमाला, म्हणजे आमच्या टोळीच्या म्होरक्याला विचारलं तर तो म्हणाला, "खेळा, पर कुनाचं बोट मोडलं तर त्याच्या मोळ्या कोन बांधनार?" मी म्हणालो, मी बांधीन. आमच्या आणि शेजारच्या तळावरून माणसं गोळा करून मी अकरा पुरे केले. मला जिंकायचं आहे असं मी कुणालाच सांगितलं नाही. या मातीवर या वेळी हरायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं.

टॉस आम्ही जिंकलो आणि तिथंच माती खाल्ली. मी पीच बघितलं, काळंभोर, दाबून बसलेलं. म्हटलं, बॅटिंग. आमच्याकडं पीच सकाळी जसं असतं तसंच दुपारी. जिथं प्यायला टँकरची वाट बघायची, तिथं पीचला ओल असते हा विचार कुणाच्या मनात येणार? हिवाळ्यात कॅनॉलकाठी दहिवर पडतं, पहिले दोन तास चेंडू नागासारखा वळवळतो, हे बेलापूरचं शेंबडं पोरही जाणत होतं. भाकरी खायच्या वेळेच्या आत आमची पूर्ण टीम आउट. माझा स्टंप तर दुसऱ्याच ओव्हरला उडाला. दुपारी पीच वाळून लाकडी पाटासारखं झालं, तेव्हा ते बॅटिंगला आले आणि दिवस मावळेपर्यंत त्यांनी आम्हाला पळव पळव पळवलं. मग डाव सोडला. आम्ही एवढे मागं पडलो होतो की जिंकण्याचा विषयच संपला.

रात्री आमच्या कोपीसमोर, म्हणजे पाचटाच्या झोपडीसमोर, चुलीजवळ बसल्यावर चुलतभाऊ म्हणाला, "जिंकता येत न्हाई तर उद्या जायाचंच कशाला?"

"दिवसभर उभं ऱ्हायला," मी म्हणालो. "उद्या दिवस मावळंपर्यंत आपन आउट झालो न्हाई, तर मॅच ड्रॉ. ड्रॉ म्हंजे हरलो न्हाई."

त्याला ते पटलं नाही. पण माझं तोंड बघून तो गोधडी ओढून आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिला उतरलो. ओल असेपर्यंत स्टंपाबाहेरच्या एकाही चेंडूला बॅट लावली नाही. अंगावर आले ते अंगावर घेतले. ऊन वर आलं तशा भेगा उघडल्या आणि फिरकी सुरू झाली. माझ्याभोवती त्यांनी माणसांचं कुंपणच घातलं. "ओ पाव्हणं, एखादी रन काढा की, झोप यायला लागली," एक जण म्हणाला. मी म्हणालो, "झोपा. उठवतो संध्याकाळी."

सरपटणारे चेंडू हे त्यांचं खरं हत्यार होतं. पण ऊस तोडताना कोयता जमिनीला टेकवूनच मारावा लागतो. बुडखा वर राहिला की मुकादम शिव्या घालतो, कारण साखर बुडख्यात असते. पहाटेपासून कंबरेत वाकून जमिनीकडं बघत राहायची सवय माझ्या अंगात मुरलेली. तसाच वाकून उभा राहिलो आणि बॅट जमिनीवरून उचललीच नाही. चेंडू यायचा, बॅटला लागायचा आणि तिथंच बसायचा. समोरच्या बाजूला मात्र एकेक जण परत जात होता.

पाणी प्यायला थांबलो तेव्हा आई आणि टोळीतल्या बाया डोक्यावर वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे घेऊन बैलांकडं निघाल्या होत्या. आई कडेला थांबली. "किती रना पायजेत रं अजून?"

"रना नकोत आई. दिवस मावळायला पायजे."

तिनं सूर्याकडं बघितलं, भारा उतरवला आणि तिथंच बसली. दिवस मावळायची वाट कशी बघतात हे तिला सांगावं लागत नव्हतं.

शेवटचा म्हणून चुलतभाऊ आला. आयुष्यात त्यानं कधी चेंडू नुसता अडवलेला नव्हता. येता येताच म्हणाला, "एक हानतो, मोकळं हुतो." मी त्याची कॉलर धरली. "हानलास तर आपलं नातं संपलं." मी ते खरंच म्हणत होतो आणि त्यालाही ते कळलं. दात-ओठ खात त्यानं बॅट पुढं ठेवली. बोलर सोडून सगळे आमच्याभोवती वाकलेले, चेंडू पडला की धूळ उडे, कुणी ओरडे, आणि चेंडू बॅटखालीच सापडे. अंपायर होते तिथलेच एक गुरुजी. चेंडू दिसेनासा झाला तसे त्यांनी बेल्स उचलल्या आणि म्हणाले, "ड्रॉ." मला रडू फुटलं. लपवावं असं वाटलंही नाही.

कॅप्टन आला, त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. "मानलं तुम्हाला," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात आम्ही येतो तुमच्या गावाला. बघू तुमचं मुरमाचं पीच."

"पुढच्या म्हैन्यात आमच्या गावात म्हातारी मानसं आन् कुलपं," मी म्हणालो. "आमी समदे हितं आसतो. तुमच्या उसात."

दरवर्षी त्याच्याच शेतात आम्ही राबत होतो, पण इकडं आलो की मागं गाव कसं राहत असेल, हे त्याच्या मनात कधी आलं नसावं. त्यानं विचारलं, "मग घरी कधी असता?"

"दिवाळीच्या आत."

"मग दिवाळीच्या आत येतो. अकराच्या अकरा."

लांबून गाड्या भरून माणसं आमच्या गावात यायची ती दुष्काळ बघायला. खेळायला येतो म्हणणारा हा पहिलाच.