लेसला लागलेलं हळदीचं बोट

शनिवारी सकाळी आम्ही काही जणी टेक्ससमधल्या प्लेनोच्या लायब्ररीत लेस विणायला जमतो. इतक्या दिवसांत माझी स्वतःची लेस जेमतेम वीतभर झाली आहे. किस्से मात्र असे साठलेत की सांगायला बसले की चहा पुन्हा गरम करावा लागतो.

शिकवतात कारमेना मावशी. त्या माल्टा नावाच्या चिमुकल्या बेटावरच्या. लग्न होऊन अमेरिकेत आल्या आणि आता इथे नातीजवळ राहतात. त्यांची लेस सुईने होत नाही. गवत ठासलेल्या लांबट उशीवर नक्षीचा कागद लावायचा, त्यावर टाचण्या रोवायच्या आणि लाकडी बॉबिनना गुंडाळलेले धागे त्या टाचण्यांभोवती एकमेकांत फिरवत न्यायचे. मावशी बोलतात इंग्रजीत, पण मला त्या मराठीतच आठवतात. त्याला माझा इलाज नाही.

*

माझी मैत्रीण शुभदा पुण्याची, सॉफ्टवेअर टेस्टर. लोकांच्या चुका शोधायचा पगार घेते. पहिल्याच दिवशी तिने लॅपटॉप उघडून विचारलं, “मावशी, याचं काही डॉक्युमेंटेशन आहे का?”

“होतं ना,” मावशी म्हणाल्या. “माझी आई. ती गेली.”

शुभदाने लॅपटॉप मिटला.

मग तिची पहिली चूक झाली. ती सोडवायची तर आलो तसंच उलट जायचं, एकेक पीळ उकलत. शुभदा वैतागली. “यार, चूक करायला एक मिनिट आणि अनडू करायला अख्खी सकाळ?”

“म्हणून चूक सावकाश करावी,” मावशी म्हणाल्या.

*

माझे सासरे, अण्णा, आमच्याकडेच राहतात. मला सोडायला म्हणून गाडीत बरोबर येतात आणि टेक्ससच्या उन्हाला कंटाळून एसीत येऊन बसतात. पहिल्यांदा आले तेव्हा मावशींची उशी खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवली होती. आता, नागपूरच्या घरात बैठकीवर आयुष्य काढलेल्या माणसाला असा लोड दिसल्यावर तो काय करेल? अण्णा “हाश्श” म्हणून ऐसपैस टेकले.

उठले ते टेकले त्याच्या दुप्पट वेगाने.

मावशी धावत आल्या. अण्णांना वाटलं, आपली विचारपूस करायला. मावशींनी त्यांना हाताने बाजूला केलं आणि उशीवर वाकून म्हणाल्या, “थँक गॉड, धागा तुटला नाही.”

*

त्याची भरपाई म्हणून अण्णांनी आम्हाला नवीन उशी करून द्यायचं कबूल केलं. गवत कुठून आणायचं? हॅलोविन संपलं की इथले लोक दारात सजावटीला ठेवलेले पेंढ्याचे गठ्ठे फेकून देतात. अण्णांनी गल्लीतल्या एकेका दाराची बेल वाजवून ते मागून आणले आणि गराजमध्ये रचले.

आठवड्याभरात आमच्या कॉलनीच्या असोसिएशनचं ईमेल आलं. त्यात फार सभ्य भाषेत विचारलं होतं की आपण घरी गाय पाळत आहात का.

“लिही, सध्या नाही,” अण्णा म्हणाले.

*

उशी उत्तम झाली आणि तिच्यावरच ते मोठं काम आलं. मावशींच्या नातीला, लिसाला, मुलगी झाली होती. मावशींच्या घरात प्रत्येक बाळाच्या बाप्तिस्म्याच्या झबल्याला घरी विणलेली लेस लागायची. पण मावशींचे हात आता थरथरतात. घरात दुसरं कोणी शिकलेलं नाही. लिसा आजीला ‘नाना’ म्हणते. ती म्हणाली होती, “नाना, मी ऑनलाइन मागवते. सेमच दिसते.”

एवढंच सांगून मावशी टाचण्या मोजायला लागल्या. मला फार वाईट वाटलं. शुभदा म्हणाली, “आम्ही करतो. तुम्ही फक्त ओरडा.”

मग उशी आळीपाळीने आमच्या घरी फिरली. मावशी नुसतं बोट फिरवून सांगायच्या, “हे सैल, हे तुझं. हे करकचून आवळलेलं, हे शुभदाचं. या दिवशी तिची मॅनेजरशी मीटिंग होती का?”

होती.

*

लेस पूर्ण झाली तेव्हा उशी माझ्याकडे होती आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडली: नवऱ्याचा लॅपटॉप, माझी सुरी, गाडीची किल्ली आणि अर्थात उशी. अण्णांनी भक्तिभावाने हळदीचं ओलं बोट उचललं आणि थेट लेसवर टेकवलं. पांढऱ्याशुभ्र लेसवर!

बाप्तिस्मा त्याच रविवारी. मी घाईने टाचण्या काढल्या आणि डाग साबणाने धुतला. हळद ती, लालभडक झाली. शुभदाला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, “आता काहीही टच करू नकोस.”

लायब्ररीत मी लेस मावशींपुढे ठेवली. अण्णाच पुढे झाले. “ज्यांच्यावर आपलं काम चालतं, त्यांना आम्ही वर्षातून एकदा नमस्कार करतो. चूक माझी आहे.”

मावशींनी लेस हातात घेतली. मग ती स्वच्छ पाण्यात बुडवून बाहेर उन्हात पसरली आणि शेजारी खुर्ची टाकून बसल्या. टेक्ससचं ऊन तेवढ्यापुरतं कामी आलं. लाली गेली, पिवळा ठिपका पुसट झाला, पण राहिला.

रविवारी चर्चमध्ये लिसाला तो दिसलाच. “नाना, हा डाग कसला?”

“डाग नाही,” मावशी म्हणाल्या. “इथे कोणीतरी नमस्कार केलाय.”

लिसाने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. आम्ही तिघंही छताकडे बघत होतो.

*

यंदा खंडेनवमीला सकाळी बेल वाजली. दारात मावशी, मागे लिसा, तिच्या काखेत दोन उशा. मोठी उशी मावशींची, तिच्यावर कधीची अर्धीच राहिलेली लेस आणि त्यावर घट्ट गुंडाळलेलं प्लॅस्टिक. दुसरी लहान, नवीकोरी. तिच्यावर अजून एक टाचणीसुद्धा नव्हती.

अण्णांनी दोन्ही पाटावर ठेवल्या. हळदीचं बोट भरलं आणि ते हवेतच थांबलं. त्यांनी मावशींकडे पाहिलं.

“मोठीला प्लॅस्टिकवरून लावा,” मावशी म्हणाल्या. “छोटी लिसाची आहे. तिला डाग पडू दे.”