साडूंची एका वर्षाची केमिस्ट्री

माझ्या साडूंनी केमिस्ट्रीचा जितक्या गांभीर्याने अभ्यास केला, तितक्या गांभीर्याने ती शोधून काढणाऱ्यांनीही केला नसेल. त्यांना निदान आयुष्यभराची मुदत होती; साडूंकडे सप्टेंबर ते जून एवढीच होती. इथे इंग्लंडमध्ये सतरा-अठरा वर्षांची मुलं जी ए लेव्हल, म्हणजे आपली बारावी, दोन वर्षांत करतात, ती साडू एक्कावन्नाव्या वर्षी एका वर्षात करायला निघाले होते. झालं असं, की ज्या विमा कंपनीत ते वीस वर्षं सॉफ्टवेअर तपासत होते, तिने त्यांचं अख्खं खातं उचलून पुण्याला नेलं. ज्या पुण्याहून ते नोकरीसाठी लंडनला आले, तिथेच ती नोकरी त्यांना मागे ठेवून निघून गेली. दुसरा माणूस महिनाभर पांघरूण घेऊन पडला असता. साडूंनी आठवड्याभरात फार्मसिस्ट व्हायचं ठरवलं. एका युनिव्हर्सिटीने सीटही देऊ केली, अट एकच : केमिस्ट्रीत बी ग्रेड. त्यांच्या तीस वर्षांपूर्वीच्या बारावीच्या मार्कशीटला इथे कोणी हात लावायला तयार नव्हतं. बी आला तर सीट, नाही तर घर.

त्या दिवसापासून पिनरमधलं त्यांचं घर राहण्याजोगं उरलं नाही. फ्रिजवर, आरशावर, मायक्रोवेव्हच्या दारावर पिवळी कार्डं लागली. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एक कार्ड, आणि ते पाठ म्हटल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही असा नियम. तो स्वतःपुरताच होता, पण जिना एकच असल्यामुळे ताईंनाही मागे धुतलेल्या कपड्यांची बास्केट घेऊन ताटकळावं लागे. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला साडूंनी केकमधल्या सोड्याचं समीकरण पाहुण्यांना समजावायला घेतलं, आणि ते दोन्ही बाजूंनी जुळेपर्यंत मेणबत्त्या आयसिंगपर्यंत जळाल्या. ताई फुंकर मारून म्हणाल्या, "झालं का तुमचं? मी एक्कावन्न वर्षांची झाले." आम्ही सगळे हसलो. साडू हसले नाहीत, कारण त्यांचं हसण्याचं वेळापत्रकच उरलं नव्हतं. कोर्सच असा, की आठवड्याला एक प्रकरण. फेब्रुवारीत त्यांना चार दिवस फ्लू झाला, तर तेवढ्यात अख्खं ॲसिड-बेस निघून गेलं. चेहरा उतरला, शर्टाची कॉलर सैल झाली. वर्गातली एकोणीस-वीस वर्षांची मुलं त्यांना अंकल म्हणत आणि त्यांच्याच नोट्सचे फोटो काढून घेत.

त्याआधी डिसेंबरात मात्र नोट्स कितीही चांगल्या असल्या तरी उपयोगी पडणार नाहीत असा प्रसंग आला. प्रॅक्टिकलमध्ये ब्युरेट नावाच्या लांब नळीतून थेंब थेंब द्रावण सोडायचं, खालचा रंग बदलला की थांबायचं आणि आकडा लिहायचा. असं तीनदा. आमच्याकडे बारावीला या तीन आकड्यांशेजारी एक चौथा रकाना असे : सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. तिन्ही आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. जो जुळत नाही तो आकडाच नव्हे, तो विद्यार्थ्याचा गाढवपणा. परीक्षेच्या दिवशी लॅबमधले शिपाईमामा मागून जाता जाता हळूच उत्तर सांगून जात. माझ्याही जर्नलात सगळे आकडे जुळ्या भावंडांसारखे होते आणि त्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती. साडूंनी तेच केलं. पेन्सिलीने रकाने आखले, सुवाच्य अक्षरात लिहिलं : साडेचोवीस, साडेचोवीस, साडेचोवीस. ट्यूटरबाईंनी त्यांना वर्ग सुटल्यावर थांबवून घेतलं.

"यू गॉट एक्झॅक्टली द सेम, थ्री टाइम्स?"

"येस मिस. कॉन्स्टंट."

"अँड लास्ट वीक?"

"ऑलवेज कॉन्स्टंट, मिस," साडू अभिमानाने म्हणाले.

बाईंनी त्यांना तिथेच पुन्हा प्रयोग करायला लावला. तीन वेळा तीन वेगळे आकडे आले. मग त्यांनी आधीची सगळी प्रॅक्टिकल्स रद्द केली, शनिवारी येऊन पुन्हा करायला सांगितली, आणि यापुढे एकही बनावट आकडा सापडला तर कोर्समधून नाव कमी होईल असं बजावलं. साडू तिथून थेट एजवेअरला आमच्याकडे आले आणि कोट न काढताच सोफ्यावर बसले. "साडूबुवा, एक्कावन्नाव्या वर्षी मला चोर ठरवलं हो त्या बाईने," ते म्हणाले, "आणि तिचं चुकलं कुठे, ते मला सापडत नाहीये." मला हसू आलं. ते तेव्हा आवरायला हवं होतं असं आता फार वाटतं. पण साडू सुधारले. दर शनिवारी फोन यायचा : "आज तिन्ही वेगळे आले! एकसुद्धा जुळला नाही!" पोराला पहिला दात आल्यासारखा आनंद.

मार्चमध्ये त्यांचं डोकं दुखायला लागलं. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, सांगितलं, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरीच ब्लड प्रेशर मोजा आणि लिहून आणा. ताईंनी मशीन आणलं. साडू खोलीचं दार लावून मोजत आणि तक्ता स्वतःच भरत. तो तक्ता मी पाहिला आहे. त्यात आकडे एकसारखे नव्हते. एवढा धडा ते ट्यूटरबाईंकडून पक्का शिकले होते. एकशे अठ्ठावीस, एकशे एकतीस, एकशे सव्वीस, थोडे वर, थोडे खाली, अगदी खऱ्यासारखे. जीपीच्या दवाखान्यातून निरोप आला की सगळं ठीक आहे. परीक्षा जूनमध्ये होती आणि विश्रांती घ्या असं सांगणारा कोणताही डॉक्टर त्यांना जूनपर्यंत नको होता.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी कप विसळताना तो त्यांच्या उजव्या हातातून निसटला, आणि पाठोपाठ तेही खाली बसले. पॅरालिसिसचा झटका. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दोन दिवसांनी ताईंच्या लक्षात आलं की त्या मशीनला स्वतःची मेमरी असते. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे नव्वद, एकशे शहाऐंशी. ताई रडल्या नाहीत. मशीन माझ्या हातात देत म्हणाल्या, "मला तरी सांगायचं ना हो यांनी. मी काय परीक्षेला बसू नका म्हटलं असतं?" मग स्वतःच म्हणाल्या, "म्हटलंच असतं." मला साडूंचा इतका संताप आला की त्या दिवशी मी वॉर्डात गेलोच नाही. खाली कार पार्कमध्ये बसून राहिलो.

पेपरच्या दिवशी मात्र मी रजा काढून गेलो. ताईंनी कॉलेजला आधीच कळवलं होतं, आणि युनिव्हर्सिटीने पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करा असं उत्तर धाडलं होतं. साडूंना हे सगळं सांगितलेलं होतं. तरीही त्यांनी सकाळी नर्सकडून दाढी करून घेतली आणि नऊच्या आधीच खुर्चीत बसवायला लावलं. मी शेजारी बसलो. पावणेअकरापर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते, मध्येच ओठ हलत होते.

"सुटला... पेपर?" त्यांनी विचारलं.

"सुटला."

"कसा...?"

मला केमिस्ट्रीतलं आता काही आठवत नाही आणि त्या पेपराशी माझा संबंध नव्हता. पण मी म्हणालो, "भयंकर होता म्हणे. मुलं रडत बाहेर पडली."

त्यांचा अर्धा चेहरा हसला. मला जोर चढला. "पण तुम्हाला ए आला असता," मी म्हणालो, "डोळे झाकून."

साडूंनी यावर बराच वेळ विचार केला. एकेक प्रकरण आठवून बघत असावेत. मग त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि मान हलवली.

"नाही हो," ते सावकाश म्हणाले. "बी."

त्यांना हवाही तेवढाच होता.