शिंजिराची पोझ

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष आणि पाऊस न होऊन दुसरं, अशा काळात व्यंकटी सोनकांबळे यांचा फोटो स्टुडिओ जोरात होता. नव्या जिल्ह्याला नवी कार्यालयं, कार्यालयांना अर्ज आणि दर अर्जाला तीन फोटो. नांदेडला सहा वर्षं उमेदवारी करून व्यंकटींनी एक पोझ आणली होती. शिपाई, तलाठी, नवरी सगळ्यांना तीच. पाठ ताठ, हनुवटी जरा खाली, दोन्ही कान दिसले पाहिजेत. मग "हं, हलू नका… रेडी!" आणि फ्लॅश.

त्या उन्हाळ्यात जिल्ह्याची ओळख करून देणारं सरकारी प्रदर्शन ठरलं. व्यंकटींकडून बारा फोटो मागवले. अकरा झाले: आटलेले तलाव, कोरड्या विहिरी, टँकर. बारावा त्यांना जिवंत कशाचा तरी हवा होता.

"सगळा जिल्हा मेल्यावानी दिसायलाय," ते सरजाबाईंना, म्हणजे बायकोला, म्हणाले. "लोक म्हनतील, ह्याच्यासाठी जिल्हा मागितला व्हता का?"

जिवंत असं परसात एकच होतं. भांडी विसळलेल्या पाण्यावर तगलेली सरजाबाईंची जास्वंद, आणि तिच्यावर रोज सकाळी येणारा शिंजीर. अंगठ्याएवढा पक्षी, वाकडी चोच. भिंतीच्या सावलीत कोळशाचा खडा वाटे. उजेड पडला की निळाजांभळा चमके. म्हणजे फ्लॅश हवाच. मागे पडदा म्हणून पांढरं धोतर धरून सरजाबाई उभ्या राहिल्या. शिंजिराला त्यांची सवय होती.

चार दिवसांत शिंजीर अकरा वेळा आला आणि अकरा वेळा ऐनवेळी उडाला. व्यंकटींनी आधी फ्लॅशला दोष दिला, मग धोतराला.

"अवं, उजेडाला न्हाई भीत त्यो," सरजाबाई म्हणाल्या. "तुमी रेडी म्हनलं की उडतो."

"मी कुठं म्हनलो?"

"म्हनता. झोपेत बी म्हनता."

अठरा वर्षांच्या सवयीनं त्या शब्दाशिवाय त्यांचं बोटच हलत नव्हतं. शिंजिरासाठी घातलेल्या बारा फोटोंच्या नव्या रोलमध्ये आता एकच उरला होता. सरजाबाईंनी पेला पुढे केला. "तोंडात पानी धरा. गिळायचं न्हाई." आठवड्याला टँकर येणाऱ्या गल्लीत ही चैनच होती.

शिंजीर आला. पाठ करून उलटा लटकला आणि फुलात डोकं खुपसलं. कानाचा प्रश्नच नव्हता. गाल फुगवलेल्या व्यंकटींनी बटण दाबलं. लख्ख उजेड पडला. शिंजीर शांतपणे शेजारच्या फुलाकडे गेला. तोंडातलं पाणी व्यंकटींनी जास्वंदीच्या मुळाशी सोडलं.

त्या आठवड्यात टँकर आलाच नाही. घरात वापराच्या पाण्याची एकच बादली होती आणि प्रदर्शन दोन दिवसांवर. रोल धुवायला ती सगळी लागणार, आणि औषधाचं ते पाणी झाडाला घालता येत नाही. जास्वंदीची पानं मुडपली होती.

"धुवा," सरजाबाई म्हणाल्या. "झाडाचं काय, परत लावू."

व्यंकटींनी बादलीत तांब्या बुडवला. "रोल डब्यात टिकतो," ते म्हणाले आणि पहिला तांब्या झाडाला घातला.

प्रदर्शनात बाराव्या जागी आधी धुतलेल्यांतलाच आणखी एक टँकर लागला. उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी टँकरांची फार तारीफ केली.

रोल श्रावणात धुतला, नळाला पाणी आल्यावर. शेपूट वर, तोंड गायब. व्यंकटींच्या नियमानं फोटो परत घ्यावा लागेल असा. त्यांनी तो काचेच्या कपाटात, सरळ बसलेल्या पन्नास उमेदवारांच्या मधोमध लावला.

शिपायाच्या जागेसाठी फोटो काढायला आलेला मन्मथ तिथंच थबकला. "मामा, ह्याचं तोंड कुठाय?"

"कामात हाय त्यो. तू बस सरळ. हनुवटी खाली. कान दिसू दे… रेडी!"

मागे परसात जास्वंदीवरून काहीतरी भुर्रकन उडालं.