जांभई देणारी सिल्की

आमच्या भोईवाड्याच्या चाळीत कोंबड्या पाळायला कोणाची हरकत नव्हती, हरकत होती ती आरवण्याला. मी सिल्की नावाची कोंबड्यांची जात आणायचं ठरवलं तेव्हा चाळ कमिटीने माझ्याकडून एकच वचन घेतलं, नर पाळायचा नाही. म्हणून तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला, माझ्याकडे दोन पांढऱ्या माद्याच होत्या. सिल्कीची पिसं पिसांसारखी नसतातच, उशीतून शेवरीचा कापूस निसटावा तशी असतात. आत कातडी काळी, पायाला चाराऐवजी पाच बोटं आणि कानाच्या पाळ्या निळ्या. तिला उडता येत नाही, पळायचीही फारशी हौस नसते. ऑफिसातून आले की मी त्यांच्याजवळ पाट टाकून बसायची आणि दिवसभराचा राग कुठे जायचा कळायचं नाही.

ह्या जातीला वेड एकच, खुडूक होण्याचं. दहाबारा अंडी झाली की देणं बंद आणि टोपलीत ठाण मांडून बसणं सुरू. पोटाखाली अंडं असो नाहीतर कांदा, तिला फरक पडत नाही. एकदा थोरली अशी बसली तेव्हा ठाण्याच्या एका सिल्की पाळणाऱ्या बाईंकडून मी पिल्लं निघतील अशी अंडी आणली आणि हळूच तिच्याखाली सरकवली. एकविसाव्या दिवशी तीन पिल्लं निघाली. दोन त्या बाईंनी परत नेली. तिसरं शेजारच्या खोलीतल्या काकींनी मागितलं.

काकी अठ्ठ्याहत्तरच्या. मूळच्या मालवणकडच्या, एके काळी गिरणीवाल्यांची खानावळ चालवायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक डोंबिवलीला. आणि सातआठ वर्षांपासून काकी ठार बहिऱ्या. आम्ही त्यांच्याशी हातवारे करून बोलायचो, त्या मात्र तोंडाने बोलायच्या, आणि जोरात.

"कोंबडा नको गो," त्या म्हणाल्या. "मादी दे. माझ्या घरात आता बाईमाणूसच बरं."

सिल्कीत नर कोण आणि मादी कोण हे पाचसहा महिने तरी कळत नाही. ठाण्याच्या बाईंनी मला हे बजावून सांगितलं होतं. पण मला शहाणपणाची भारी हौस. मी पिल्लू उजेडात धरलं, डोकं निरखल्यासारखं केलं आणि मान डोलावून सांगून टाकलं, मादी. काकींनी ते पदरात घेतलं.

सहावा महिना सरता सरता एका सकाळी त्यांच्या दारातून आवाज आला. जुनं बिजागर कुरकुरावं तसा, पण आरवणंच ते. सगळा मजला गॅलरीत आला. काकी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. शेजारी त्यांची लाडकी मान ताणून, चोच वासून जीव तोडून आरवत होती. माझ्याकडे बघून काकींनी तिच्याकडे बोट केलं.

"बघ गो, कशी जांभई देते. झोप नाय झाली हिची."

आम्ही हसलो. सगळ्यात जास्त मी हसले, कारण चूक माझी होती. काकींचा जन्म कोंबड्यांत गेलेला, गावचा कोंबडा त्यांनी शंभर पावलांवरून ओळखला असता. पण हे कापसाचं ध्यान, त्याचा तुराही शेंडीत दडलेला, त्यांच्या ओळखीचं नव्हतं. कमिटीवाल्या भाऊंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग म्हणाले, "जाऊ दे, म्हातारीचा जीव रमतोय." त्या दिवसापासून चाळीत पहाटे कोंबडा आरवायला लागला आणि तक्रार कोणी केली नाही.

एकदा सकाळी मी दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून काकींच्या दाराकडे पाहत राहिले. नळावरच्या बादल्या मुक्या झाल्या, खाली रस्त्यावर टेम्पो मुका झाला. कोवळ्या उन्हात तो पांढरा गोळा सावकाश उंच झाला, मान लांबली, चोच उघडली आणि काहीच झालं नाही. चोच मिटली. पुन्हा उघडली. खरंच जांभईच होती ती. मलाही झापड यायला लागली. मला ते फार सुंदर वाटलं, इतकं की काकींची रोजची सकाळ अशीच असते, हे माझ्या मनातही आलं नाही.

पुढे काकी अंड्याची वाट बघायला लागल्या. जुन्या लुगड्याची घडी घातलेली टोपली त्यांनी कोपऱ्यात ठेवली. बाळंतिणीला द्यावेत तसे अळीव भिजवून त्याला भरवले. आठवा महिना गेला तरी अंडं नाही, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "माझ्याच घरात मानवत नाय वाटतं तिला." हे मला ऐकवेना. दुसऱ्या दिवशी त्या पाणी भरायला गेल्या तेव्हा मी माझ्या कोंबडीचं अंडं त्या टोपलीत ठेवलं.

काकींनी सगळ्या मजल्यावर साखर वाटली. लोकांनी हसू दाबत साखर खाल्ली आणि अभिनंदन केलं. मग काय, एक दिवसाआड अंडं देण्याचं काम माझ्या अंगावर पडलं. माझ्या दोघी एकदम खुडूक झाल्या तेव्हा मी लालबागच्या बाजारातून गावठी अंडी आणून ठेवली. "आज केवढं मोठं दिलंन गो," काकी म्हणाल्या. पलीकडच्या खोलीतली माझी मैत्रीण मला म्हणायची, "सांगून टाक ना, उगाच लफडा होईल." मी म्हणायची, सांगते. वर्ष गेलं.

गणपतीच्या आधी लेक आईला घेऊन हॉस्पिटलात गेली आणि कानाचं मशीन ठरवून आली. मजल्यावर कुजबुज सुरू झाली. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का," मैत्रीण म्हणाली आणि मला खरोखर धडकी भरली. काकी रागावतील ह्याची नव्हे. आपलं अंडं, आपली साखर, सगळं खोटं होतं हे कळल्यावर त्या माझ्याशी बोलतील का, ह्याची. माझी आई गेल्यापासून सकाळी पहिलं तोंड मी त्यांचंच बघत होते.

मशीन आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी अंडं ओढणीत धरून गेले. ठेवायला की कबूल करायला, मलाच माहीत नव्हतं. काकी उंबऱ्यात बसलेल्या, कानामागे तपकिरी रंगाची ती वस्तू. कोंबडा समोर होता. तो ताठ झाला आणि आरवला. काकी दचकल्या. मग त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो पुन्हा आरवला, पुन्हा आरवला आणि त्यांनी हात काढला नाही. गॅलरीत कोणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं.

"काकी, चूक माझी," मी म्हणाले. "मी मादी म्हणून दिला. अंडी पण मीच..."

"अंड्याचं काय नाय गो." त्या पहिल्यांदाच हळू बोलत होत्या. "हा रोज माझ्या बाजूला बसून एवढा ओरडत होता. तुम्हां सगळ्यांना ऐकू जात होता. मला एकीने सांगितलं नाय."

मला शरम वाटली. त्यांचं मन राखतोय असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले होते. खरं म्हणजे आम्हाला मजा येत होती. रोज सकाळी सगळ्या मजल्याला कळणारी एक गंमत होती आणि ती जिच्यावर होती तिलाच सोडून आम्ही सगळे हसत होतो.

"अजून काय काय नाय सांगितलंत मला?" त्यांनी विचारलं.

काही नाही हो काकी, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांच्या उंबऱ्यावर बसले. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, कारण त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलताना आम्ही कधी आवाज खाली केलाच नव्हता.