फणांची तोंडं पुढं

लग्न होऊन मी अंबाजोगाईहून या गावात आले, तेव्हा माझं बीएचं पहिलं वर्ष झालेलं होतं. त्यामुळे जगातलं सगळंच मला कळत होतं. पहिल्या पेरणीला सासऱ्यांनी मला तिफणीमागं उभं केलं. तिफणीला खाली तीन फण असतात, बैल ओढतात, फण मातीत रेघ पाडतात आणि मागनं चालणारी बाई मुठीनं बी सोडते. मी बी सोडायच्या आधी सल्ला सोडला.

"मामंजी, या फणांची टोकं पुढं कशाला? मागं कलती केली तर बैलांना हलकं जाईल ना?"

सासरे माझ्याशी बोललेच नाहीत. बैलांना म्हणाले, "ऐका रे, शिकल्याली सून आलीय. आता तुमाला काम न्हाई."

बांधावरच्या बाया पदर तोंडात धरून हसल्या. मागं कललेला फण मातीवरनं नुसता घसरतो, हे मला त्या दिवशी शिकवलं गेलं. मग काय, तेच ज्ञान मी जन्मभर येईल त्याला फुकट वाटत आले. अक्कल उशिरा आलेली माणसं ती जास्तच वाटतात.

परवाच्या नवरात्रात थोरल्या लेकाची पोर समुद्राकडून घरी आली, ती माणसाएवढी लांब फळी घेऊन. कोकणात शिकायला ठेवली होती, शिकली काय तर लाटेवर उभं राहायला. त्याला सर्फिंग म्हणतात. आता तिकडच्या एका शिकवणीवाल्यांनी तिला शिकवायलाच बोलावलं होतं, दसरा झाला की हजर व्हायचं होतं. पोरीचा जीव त्यात अडकलेला आणि लेकाचा होकार घशात अडकलेला.

"पाण्यावर उभं राहायचं, याला नोकरी म्हनत्यात व्हय?" लेक म्हणाला. "आदी डोळ्यानं बघतो. मग जायचं का न्हाई ते सांगतो."

आता बीड जिल्ह्यात समुद्र आणायचा कुठून? पण धरण भरलेलं होतं. लेकाच्या ओळखीचा एक मासेमारीवाला होता, त्याच्या मोटारबोटीला दोर बांधायचा आणि पोरीनं मागं फळीवर उभं राहायचं, असं दसऱ्याच्या सकाळचं ठरलं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं अवजारं धुऊन पुजतात. ट्रॅक्टर, कुदळ, विळे, माझं शिवणयंत्र. पोरगी झोपलेली बघून मी तिची फळीही ओळीत मांडली. पालथी केली तर खाली तीन फण! मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. फटीत वाळू भरलेली, म्हणून तिच्या पिशवीतली चावी घेऊन स्क्रू काढले आणि फण घासून धुतले. परत बसवताना ध्यानात आलं, तिन्ही फण मागं कललेले होते.

"बघ रे, शहरातल्यांनी काय करून ठेवलंय," मी लेकाला हाक मारली.

लेक उकिडवा बसला, बोट फिरवून बघितलं. "खरंय माय. उलटेच हायेत की."

दोन पिढ्यांची शेती एका मतानं बोलली म्हटल्यावर वाद कसला? मी तिन्ही फणांची तोंडं पुढं केली. कडेचे दोन तसे बसेनात, म्हणून डावा उजवीकडं घातला, उजवा डावीकडं. बसले की बरोबर, हे आमचं शास्त्र. हळदीकुंकू लावलं आणि फळी पिशवीत घालून ठेवली.

दसऱ्याला धरणावर निम्मं गाव. पोरीनं पिशवी उघडली आणि किंचाळली, "आजी! हे कुणी केलं?"

"मी. सरळ केले."

"पप्पा?"

"मी बी बघितलंय. आता कारणं सांगू नको, बोट सुरू झालीय."

चावी राहिली होती घरी, देवापुढं. पोरगी तशीच चढली. सरळ होतं तोवर उभी राहिली. बोट वळली, की फळीचा मागचा भाग निसटला आणि पोरगी पाण्यात. पुन्हा उभी, पुन्हा वळण, पुन्हा पाण्यात.

"याच्यापेक्षा आमची म्हैस बरी पवती," कुणीतरी म्हणालं.

लेकानं तोंड फिरवलं. "झालं. चला घरी."

पोरगी निथळत बाहेर आली. रडली नाही. फळी पालथी करून बापासमोर ठेवली. "पप्पा, तिफणीचे फण मागं करून एक ओळ पेरून दाखवा, मग मी घरी येते."

लेक काठावर उभ्या केलेल्या ट्रॅक्टरकडं गेला, हत्यारांच्या डब्यातनं चाव्यांचा जुडगा घेऊन आला आणि मांडी घालून बसला. "सांग. कावून मागं?"

"फणाला मातीत शिरायचं असतं. याला पाणी फाडायचं नाही, धरायचं असतं. जाड कड पुढं, पातळ मागं, म्हणजे पाणी चिकटून सुटतं. जास्त मागं कललेला फण लांब, ऐसपैस वळण घेतो. उभट असला तर जागच्या जागी वळतो."

"आन् हे कडंचे एका अंगानं सपाट कावून?"

"सपाट अंग आत. वळताना कडेचा फण पाणी दाबून धरतो, म्हणून फळी निसटत नाही."

म्हणजे बीए पहिल्या वर्षाची ती शहाणी पाण्यावर बरोबर होती म्हणायची! बाईनं अख्खा समुद्र सोडून काळ्या रानात येऊन अक्कल पाजळली. आणि म्हातारपणी शहाणी झाले, तर ती अक्कल धरणात बुडाली. कधी म्हणून योग्य जागी योग्य बोलले नाही मी.

लेकानं तिन्ही फण पुन्हा मागं कलते बसवले. या खेपेला बोट वळली आणि पोरगी तिच्यामागं अशी वळली, जणू गव्हातनं वारा गेला. लेक काठावरनं ओरडत होता, "मधला बारका लावून बघू!"

तिच्याकडं लहान फण होता. लावला. आता फळीचं शेपूट सैल झालं, चटकन फिरायला लागलं, जरा घसरायलाही लागलं. लेक गुडघाभर पाण्यात उभा. "मोठ्यानं धरून ऱ्हाती, बारक्यानं खेळती. लाट मोठी असली तर मोठाच लाव."

"हो पप्पा."

"अन् शिकणाऱ्या लेकरांना?"

"त्यांनाही मोठा. फळी डगमगत नाही."

जाशील का, जाऊ नको, हा शब्द त्यानं पुन्हा काढलाच नाही. दुपारी पोरगी फळी पिशवीत घालायला लागली, तर त्यानं ती हातातनं घेतली, पालथी केली आणि एकेक स्क्रू स्वतः आवळला.

"तिकडं पोचलीस की पुन्हा आवळ," तो म्हणाला. "एसटीच्या टपावर गचके लई बसत्यात."