‘रेंडर’ गटात माझं नाव

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं; पुराव्याशिवाय बोलायची सवय नाही. तरी हे लिहितेय...

आम्ही शहराच्या कडेला, सातारा परिसरात राहतो. दुष्काळाची वर्षं होती. इमारती वाढत होत्या आणि पाणी टँकरनं यायचं. आमचे हे जाऊन दोन महिने झाले होते. निवृत्तीनंतर ह्यांना कॉम्प्युटरवर लिनक्स ही प्रणाली टाकून गेम खेळायचा नाद लागला होता. गेममध्ये एक गाव वसवत होते. "तुझ्यासाठी वाचनाची खोली बांधतोय. झाली की दाखवीन," म्हणायचे. ती बघायची राहूनच गेली.

कॉम्प्युटरवर त्यांनी मला वेगळं खातं करून दिलं होतं. "माझ्या खात्यात शिरायचं नाही हं!"

"बँक आहे का तुमची?" मी म्हणायचे.

गेम आणि त्यातलं गाव दोन्ही खात्यांसाठी सामायिक ठेवलं होतं; पण आता माझ्या खात्यातून गेम उघडला की एकच ओळ — परवानगी नाही.

मुलगी मुक्ता म्हणाली, "आई, गेमला लागणारं ग्राफिक्स कार्ड वापरायला ‘रेंडर’ गटात, म्हणजे परवानगीच्या यादीत, तुझं नाव लागतं. तू नुसती वाचायचीस, म्हणून बाबांनी घातलंच नाही. आता त्यांचा पासवर्ड हवा." तो कुणालाच माहीत नव्हता. शिवाय डिस्क कुरकुरत होती. फार दिवस टिकणार नव्हती.

मुक्ता पुण्याला परत गेली. शनिवारी सकाळी अकराला टँकर आला. एरवी पाइप धरायला हे जायचे. स्क्रीनवर ती ओळ तशीच ठेवून, दाराला कुलूप लावून मी खाली गेले.

"टीचर, पाइप सीधा धरा ना," शेजारच्या शबानाआपा ओरडल्या, "पानी सगळं रस्त्यालाच पाजता का!"

वर आले तर स्क्रीन माझा पासवर्ड मागत होता. मी तर खातं बंद केलंच नव्हतं. पुन्हा आत गेले, गेम उघडला — आणि तो सुरू झाला. नदीकाठी छोटी खोली, भिंतभर पुस्तकं, खिडकीपाशी दोन खुर्च्या. मी तिथं बराच वेळ बसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा मनसोक्त रडले.

संध्याकाळी मुक्तानं फोनवर सांगत सांगत कॉम्प्युटरच्या नोंदी उघडायला लावल्या. अकरा वाजून बारा मिनिटं : ह्यांच्या खात्यातून माझं नाव गटात.

"आई, तू केलंस?"

"मला ती आज्ञा लिहिता तरी येते का गं?"

तिनं ती वेळ पुन्हा वाचायला लावली. मग हळूच म्हणाली, "नाव घातल्यावर एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं... तेही केलंय."

स्पष्टीकरण अजून मिळालेलं नाही. नोंदीतली एक ओळ मी मुक्ताला वाचून दाखवली नाही. मिनिटभर आधी पासवर्ड एकदा चुकला होता. हे चष्मा न लावताच टाइप करायचे. पहिल्यांदा नेहमी चुकायचे.