चर्चच्या भिंतीचं डांबर

नॉर्वेत मुलाकडे आले की दिवसभर घरात मी एकटीच असते. म्हणून परवा बस धरून जवळच्या खेड्यातलं मध्ययुगातलं लाकडी चर्च बघायला गेले. शेकडो वर्षांचं, काळंकुट्ट, छपरावर माशाच्या खवल्यांसारख्या फळ्या. उन्हातल्या भिंतीवर हात टेकला आणि तळवा चिकटला.

"सगळ्यांचंच असं होतं," किल्ली सांभाळणाऱ्या बाई इंग्रजीत म्हणाल्या. "पाइनच्या लाकडाचं डांबर आहे. दर काही वर्षांनी गावातले लोक भिंतींना लावतात, पूर्वीपासून. साबणाने जायचं नाही, तेल लावा."

आत कोणीच नव्हतं. प्रार्थनाही आता क्वचितच होते म्हणे. बाकांवर नुसता धुरकट वास बसलेला. मला वाटलं होतं, लाकूडच भक्कम असणार. तसं काही नव्हतं. दर पिढीत कोणीतरी शिडी लावून वर चढलं होतं, एवढंच. एखाद्या पिढीने कंटाळा केला असता, तर पावसाने ते कधीच खाल्लं असतं.

आमचे हे रोज संध्याकाळी माझ्या गुडघ्यांना तेल लावायचे. मी उगाच नको नको म्हणायची. ते गेल्यापासून तेलाची बाटली बॅगेतून माझ्याबरोबर येते आणि तशीच परत जाते.

घरी येऊन ती बाटली उघडली. तळव्याचं डांबर हळूहळू सुटलं. मुलगा-सून अजून यायचे होते. हात पुसला, झाकण लावायला घेतलं, मग थांबले. पुन्हा थोडं तेल ओतून घेतलं आणि माझ्या गुडघ्यांना मीच लावत बसले.